श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड व शाळेतील मुलांचे आरोग्य

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत धर्मगुरूंची, धर्मभगिनींची व जुन्या कुटुंबांची हकीकत यावी हे योग्यच आहे. तीत एका हिंदू संस्थानिकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन टाकतो. आमच्या माणगाव तालुक्यात, गोरेगावापासून निजामपुरापर्यंत, वर्षातून एकदा शाळेच्या दारी डॉक्टरांचे पथक येते. ते मुलांची उंची व वजन घेते, डोळे, कान, दात व त्वचा पाहते आणि ज्या मुलात काही व्यंग अगर विकार आढळेल त्याच्या हाती चिठ्ठी देऊन त्यास रुग्णालयात धाडते. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी व केव्हा सुरू केली असेल, हा विचारही आपल्या मनास शिवत नाही. आपल्या देशातील सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत अशी नोंद आहे की, शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी हिंदुस्थानात प्रथम सन १९०९ मध्ये बडोदे शहरात झाली. त्या वेळी बडोद्याच्या गादीवर श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड होते. ज्या झाडाची सावली आपली लेकरे घेत आहेत, ते लावणाऱ्याचे नाव त्यांस ठाऊक असावे, एवढाच आमचा हेतू आहे.

महाराजांचा जन्म राजवाड्यात झाला नाही. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे काशीराव गायकवाड नावाचे एक पाटील शेती करून राहत. गायकवाड घराण्याशी त्यांचे दूरचे नाते होते. परंतु त्या नात्याचा त्यांच्या संसारास काडीचाही उपयोग नव्हता. त्यांच्या घरी सन १८६३ च्या मार्च महिन्यात गोपाळ हा मुलगा जन्मास आला. गुरे राखावीत, शेतात बापाच्या हाताखाली काम करावे, असे त्याचे बालपण गेले. बारा वर्षांचा होईपर्यंत त्यास अक्षरओळखही नव्हती.

सन १८७५ मध्ये बडोद्याचे मल्हारराव महाराज यांस इंग्रज सरकारने पदच्युत केले. पूर्वीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, तेव्हा कवळाण्याहून काशीरावांची मुले बडोद्यास आणविण्यात आली. त्यांतून गोपाळाची निवड होऊन त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो सयाजीराव या नावाने गादीवर बसला. सकाळी ज्यास ग म भ न येत नव्हते, त्यास सायंकाळी राजा म्हणून मुजरे झडू लागले, असेच म्हटले पाहिजे.

राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता व राजपुत्राचे शिक्षण इलियट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे सोपविले होते. उशिरा शिकू लागलेल्या मुलास जे कष्ट पडतात, ते महाराजांस सर्व पडले. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकावयाच्या, त्यांत हिशेब, इतिहास, कायदे यांची भर, आणि त्याबरोबर तालीम व घोड्यावरची रपेटही चुकावयाची नाही, असा तो क्रम होता. सन १८८१ च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांच्या हाती संपूर्ण अधिकार आला. आमच्या मते महाराजांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ या सहा वर्षांत आहे. अक्षराविना मनुष्याची स्थिती काय असते व अक्षर मिळाल्यावर काय होते, हे दोन्ही त्यांनी एकाच देहात अनुभविले होते. तसेच अभ्यासाचे ओझे वाहावयास शरीरही धड लागते, हेही त्यांस चांगले कळले होते; कारण पुढे थोड्याच वर्षांत त्यांची झोप उडाली, प्रकृती खालावली आणि सन १८८७ पासून त्यांस औषधोपचारासाठी वारंवार विलायतेस जावे लागले.

अधिकार हाती येताच महाराजांनी दुर्लक्षित मुलांकडे दृष्टी वळविली. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. नवसारी प्रांतातील सोनगड येथे रानात राहणाऱ्या जातींच्या मुलांसाठी सन १८८५ च्या सुमारास वसतिगृह उघडले. आजच्या आश्रमशाळांची ती एक पूर्वजच होय, असे म्हणावयास हरकत नाही. बडोदे शहरातील लोक तलाव व विहिरी यांचे जे पाणी पीत, त्याने रोगराई पसरत असे. यास्तव शहरापासून काही मैलांवर आजवा येथे मोठा तलाव बांधून सन १८९२ मध्ये नळाने स्वच्छ पाणी शहरात आणले. आजही तो तलाव सयाजी सरोवर या नावाने ओळखला जातो.

सन १८९३ मध्ये त्यांनी जे केले, त्यामुळे त्यांचे नाव हिंदुस्थानभर झाले. काठेवाडातील अमरेली तालुक्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलींसही ही सक्ती लागू होती. शेतकरी कुरकुरले. गुरे कोण राखणार, धाकट्या भावंडांस कोण सांभाळणार, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. जो बाप मुलास शाळेत धाडीत नसे, त्यास दंड भरावा लागे. तेरा वर्षे हा प्रयोग पाहून सन १९०६ मध्ये महाराजांनी तो कायदा सबंध संस्थानास लागू केला. आमच्या कोकणचे सुपुत्र नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी सन १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांनी पुढे केला होता. ते विधेयक पुढल्याच वर्षी फेटाळले गेले. एक देशी संस्थानिक जे करू शकला, ते प्रबळ इंग्रज सरकारास पैशाअभावी शक्य नाही असे ठरले!

येथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. बापाने मूल आपण होऊन शाळेत घातले, तर त्याच्या प्रकृतीची चिंता बापाने वाहावी हे ठीक. परंतु राजाने दंडाचा धाक घालून मूल शाळेत आणविले आणि एका खोलीत चाळीस-पन्नास मुलांच्या दाटीत बसविले, तर तेथे त्यास खरूज, गोवर, देवी अगर डोळ्यांची साथ लागल्यास त्याचा दोष कोणाकडे? ज्या मुलास फळ्यावरचे अक्षरच दिसत नाही, ज्याच्या कानात पू आहे, अगर जे हिवतापाने झुरते आहे, त्यास पाच वर्षे बाकावर बसवून ठेवण्यात काय अर्थ? सक्ती करणाऱ्याच्या माथी ही जबाबदारी आपोआप येते. महाराजांच्या कारकीर्दीचा हा सर्वांत मोठा धडा आहे, असे आम्हांस वाटते.

त्या काळी ही चिंता काल्पनिक नव्हती. सन १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप उद्भवला. ती प्लेगची साथ आहे हे प्रथम ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस हे आमच्याच धर्माचे, मूळ गोव्याचे गृहस्थ होते, हे येथे सांगण्यास आम्हांस अभिमान वाटतो. तो रोग पाहता पाहता गुजराथेत पसरला. प्लेगवरील लस शोधून काढणारे डॉक्टर हाफकिन यांनी आपल्या लशीची एक महत्त्वाची परीक्षा सन १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी केली. प्लेग सरतो न सरतो तोच सन १८९९ व १९०० चा भयंकर दुष्काळ आला. सन १८९१ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानची लोकसंख्या चोवीस लाखांहून अधिक भरली होती. सन १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. राज्यातील दर पाच माणसांमागे जवळजवळ एक नाहीसा झाला! अशा राज्यात जी मुले उरली, तीच शाळेत बसली होती.

पाश्चात्य देशांतही या वेळी हाच विचार चालू होता. ब्रसेल्स शहराने सन १८७४ मध्ये शाळांसाठी वैद्य नेमले. अमेरिकेतील बोस्टन शहरात सन १८९४ मध्ये शाळांतून डॉक्टरांची फेरी सुरू झाली. इंग्लंडात बोअर युद्धासाठी सैनिक निवडताना कितीतरी तरुण अशक्त व रोगट निघाले, तेव्हा त्या राष्ट्राचे डोळे उघडले; सन १९०६ मध्ये शाळेतील गरीब मुलांस जेवण देण्याचा व सन १९०७ मध्ये त्यांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा तेथील पार्लमेंटाने केला. महाराज नुसती मौज करण्यासाठी प्रवास करीत नसत. जेथे जात तेथील शाळा, ग्रंथालये, कारखाने पाहून टिपणे करवीत व चांगले दिसेल ते बडोद्यास आणीत. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून त्यांनी बोर्डेन नावाच्या तज्ज्ञास सन १९१० मध्ये बडोद्यास आणिले व खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या धाडण्याची योजना सुरू केली, हे प्रसिद्धच आहे. इंग्लंडातील तपासणीच्या कायद्यास दोन वर्षे होतात न होतात तोच बडोदे शहरात मुलांची तपासणी व्हावी, यावरून त्या दरबारी नव्या विचारास किती लवकर वाट मिळे, हे दिसून येते.

सन १९०८ च्या सप्टेंबरात, म्हणजे या तपासणीच्या आदल्याच वर्षी, महाराजांचे ज्येष्ठ चिरंजीव युवराज फत्तेसिंहराव अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारले. युवराजांच्या मातोश्री, पहिल्या चिमणाबाई महाराणी, तर सन १८८५ मध्येच निवर्तल्या होत्या. पुढे सन १९१९ मध्ये शिवाजीराव व सन १९२३ मध्ये जयसिंगराव हे आणखी दोन पुत्र महाराजांच्या डोळ्यांदेखत गेले. ज्याच्या पदरी राज्य आहे, त्याच्याही घरी मृत्यू विचारून येत नाही. परंतु आपल्या दुःखाने दुसऱ्यांच्या मुलांविषयी त्यांचे मन कठोर झाले नाही, हे त्यांच्या राज्यकारभारावरून स्पष्ट दिसते.

महाराज निर्दोष होते असे आमचे म्हणणे नाही. वर्षानुवर्षे परदेशी राहून राज्य चालविणे प्रजेस आवडत नसे. लक्ष्मीविलास राजवाड्यावर झालेला खर्च पाहता, त्या पैशात किती शाळा निघाल्या असत्या, असे कोणाही विचारी मनुष्याच्या मनात येईल. सक्तीच्या दंडाचा भार सर्वांत गरिबांवरच पडे. आणि मुलांची ती पहिली तपासणी झाली ती बडोदे शहरात. कवळाण्यासारख्या खेड्यात जन्मलेल्या मुलास तिचा लाभ त्या वर्षी मिळाला नाही. तथापि सन १९०४ मध्ये बालविवाहास आळा घालणारा कायदा, दुसऱ्या चिमणाबाई महाराणींनी स्त्रियांच्या उन्नतीसाठी केलेली खटपट व त्यास महाराजांचे उत्तेजन, या सर्वांचा एकत्र विचार केला असता, मुलाचे शरीर, मन व भवितव्य यांची काळजी घेणे हे राज्याचे काम आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती, यात शंका राहत नाही.

या समजुतीचे एक फळ आमच्या दारापर्यंत आले आहे. सन १९१३ मध्ये महाराजांनी एका बुद्धिमान तरुणास शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात धाडले. तेच डॉक्टर भीमराव आंबेडकर होत. आमच्या शेजारच्या महाड गावी सन १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी सर्वांस खुले असावे म्हणून त्यांनी केलेला सत्याग्रह कोणास ठाऊक नाही? पाणी व शाळा या दोन गोष्टी माणसास माणूस म्हणून मिळाल्या पाहिजेत, हा विचार बडोद्यासही होता आणि महाडासही होता.

सन १९३९ च्या फेब्रुवारीच्या ६ तारखेस मुंबई येथे महाराज कालवश झाले. त्यांनी त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ गादी भूषविली. परंतु बडोद्यात पेटलेली ती लहानशी ज्योत देशभर पसरली नाही, ही खेदाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. सन १९४६ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली, तेव्हा शाळेतील मुलांची आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यासारखीच आहे, असा निष्कर्ष तिने काढला. बडोद्यातील तपासणीनंतर सदतीस वर्षे लोटली होती! स्वातंत्र्यानंतर सन १९६० मध्ये श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. शाळेतील माध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना सन १९९५ मध्ये निघाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सन २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरविली आहे. जंतांचे औषध शाळेतच देण्याचा राष्ट्रीय दिवस सन २०१५ पासून पाळला जातो. जे काम एका शहरात आरंभिले गेले, ते देशातील प्रत्येक खेड्यात पोचण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता आमच्या माणगावाकडे वळू. येथून आगगाडी जाते, मुंबई-गोवे महामार्ग जातो, गावात सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे. महाराजांच्या काळच्या खेड्यास जे स्वप्नातही मिळाले नसते, ते आपणांस मिळाले आहे. तरी दोन उणिवा आमच्या दृष्टीस पडतात, व त्या सरकारच्या आदेशाने भरून येण्यासारख्या नाहीत.

पहिली ही की, तपासणीच्या दिवशी जे मूल शाळेत नसते, ते तपासले जात नाही. आमच्या डोंगरकपारीच्या वाड्यांतील कातकरी बांधव दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर कामास जातात, ते पावसाच्या तोंडी परत येतात. त्यांची मुले त्यांच्याबरोबर जातात. ज्यांस औषधाची व पोषणाची गरज सर्वांत अधिक, नेमकी तीच मुले त्या वेळी शाळेच्या पटावर असतात व वर्गात नसतात. अमरेलीच्या शेतकऱ्याप्रमाणे या बापासही पोटाची चिंता आहे. त्यास दंड करून काही साधणार नाही. गैरहजर मुलांची यादी करून, ती परतताच आरोग्य केंद्रास कळविणे, एवढे काम तर आपल्या धर्मग्रामातील तरुणांस सहज करता येईल.

दुसरी उणीव चिठ्ठीची. डॉक्टर मुलाच्या हृदयात दोष आहे, दृष्टी मंद आहे, अगर अंगात रक्त कमी आहे असे लिहून देतात, आणि ती चिठ्ठी दप्तरात चुरगळून जाते. आईबापांचा एक दिवसाचा रोज बुडतो, रुग्णालयात कोठे जावे हे कळत नाही, मुलीस चष्मा लागला तर तिचे लग्न कसे होईल, अशी भीती वाटते. सन २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. त्यांच्यासाठी शाळेतून आठवड्यास लोहाची गोळी मिळते. परंतु ती उपाशीपोटी घेतल्याने मळमळले की पुढच्या आठवड्यास गोळी खिडकीबाहेर जाते. जेवणानंतर घे, असे तिला प्रेमाने सांगणारी एक बाई वर्गात असली, तर ती गोळी सार्थकी लागेल. तपासणी झाली आणि उपचार झाला नाही, तर ती तपासणी कागदाच्या पोटात गेली, असेच समजावे.

यास्तव आमची वाचकांस नम्र विनंती आहे की, महोत्सवाच्या आनंदात एक छोटासा नेम आपण सर्वांनी करावा. आपल्या आळीतील, वाडीतील ज्या ज्या मुलास अशी चिठ्ठी मिळाली असेल, मग ते कोणत्याही जातीधर्माचे असो, त्याच्या आईस विचारावे, आणि तिला सोबत हवी असेल तर आपला एक दिवस मोडून तिच्याबरोबर रुग्णालयात जावे. एस.टी.चे भाडे व एक दिवसाचा वेळ, एवढाच याचा खर्च. कवळाण्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलास संधी मिळाली, तेव्हा त्याने लक्षावधी मुलांस शाळेचे दार उघडून दिले. आपल्या वाड्यांतून जी मुले आज पाठीवर दप्तर घेऊन निघतात, त्यांत कोणता गोपाळ आहे हे आपणांस ठाऊक नाही. तो निरोगी राहावा, त्यास फळ्यावरचे अक्षर स्पष्ट दिसावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.